सेन्सरवाल्या इन्स्टॉलेशनचा साउंड: पहिल्यांदाच करताय तर इथून सुरुवात करा

माणूस जवळ आला की आवाज बदलतो, हात लावला की काहीतरी गुणगुणतं, खोलीत कुणी नसलं की सगळं हळूहळू निवतं, असं काम पहिल्यांदा करायला घेतलं की बहुतेक जण आधी सेन्सर मागवतात आणि मग त्याला कुठला आवाज जोडायचा ते शोधत बसतात. उलटं करा. आधी ठरतं ते वागणं, म्हणजे ती खोली किंवा ती वस्तू समोरच्या माणसाशी कशी वागणार. सेन्सर त्यानंतर. आणि साउंड फाइल्स किती भारी आहेत यापेक्षा त्या कधी येतात, किती वेळात चढतात आणि माणूस निघाल्यावर कशा जातात यावर असं काम उभं राहतं किंवा पडतं.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरूया म्हणजे गोंधळ नको. ५ मीटर बाय ४ मीटरची अंधारी खोली, मधोमध छतापासून जमिनीपर्यंत सोडलेलं पातळ कापड, कापडामागे स्पीकर, आणि माणूस जितका जवळ येईल तितकं ते कापड जागं होत जातं. बस.

आधी कागद

कागदावर चार अवस्था लिहा: खोली रिकामी आहे, कुणीतरी आलंय, कुणीतरी थांबलंय, कुणीतरी निघालंय. प्रत्येकीसमोर दोनच गोष्टी लिहायच्या, काय ऐकू येतं आणि तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागतो. आपल्या कापडासाठी माझा कागद असा होईल: रिकाम्या खोलीत अगदी हळू, खालच्या पट्टीतला श्वासासारखा आवाज, माणूस आत आला की पहिल्या एक-दोन सेकंदांत काहीतरी छोटं पण स्पष्ट घडलं पाहिजे, तो थांबला तर मिनिटभर आवाजात नवीन थर येत राहतात, आणि तो निघाला की सगळं १५-२० सेकंदांत उतरतं.

पहिले एक-दोन सेकंद का महत्त्वाचे, तर माणसाला 'हे माझ्यामुळे झालं' हे तेव्हाच कळतं. नाही कळलं तर तो समजतो की इथे नुसती रेकॉर्डिंग लावलीये आणि पुढे जातो. पण सगळंच पहिल्या दोन सेकंदांत देऊन टाकलं तरी तो पुढेच जातो, कारण खेळ समजला, संपला. म्हणून पहिला प्रतिसाद पटकन आणि सोपा, आणि पुढचा मामला संथ. माझ्या मते नवशिक्यांची कामं सगळ्यात जास्त 'थांबलंय' या रकान्यात फसतात, कारण तो रकाना रिकामाच असतो.

मग सेन्सर

सेन्सर निवडताना 'मला नक्की काय माहिती पाहिजे' हा प्रश्न विचारा. 'इथे कुणी आहे का', 'किती लांब आहे', 'किती हलतोय', 'हात लावलाय का', हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि चारांना वेगळे सेन्सर लागतात.

पीआयआर सेन्सर, तो पांढऱ्या घुमटाचा, हलणारी उष्णता पकडतो. म्हणजे माणूस आला हे त्याला कळतं, पण माणूस शांत उभा राहिला की त्याच्या लेखी खोली रिकामी. ध्यान लावून ऐकणाऱ्या माणसालाच तुमचं काम 'गेला हा' म्हणून बंद होणार, याच्याइतकं वाईट काही नाही. शिवाय चालू केल्यावर त्याला स्थिर व्हायला मिनिटभर लागतो आणि एसीचा झोत समोर असेल तर तो उगाच बोंबलतो.

अंतरासाठी अल्ट्रासॉनिक, तो दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४, सगळ्यांचा पहिला सेन्सर असतो. २ सेंटिमीटरपासून ४ मीटरपर्यंत मोजतो, ४० किलोहर्ट्झचा आवाज फेकून त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते बघतो. त्याचे दोन त्रास लक्षात ठेवा. मऊ कपडे, लोकर, पडदे हा आवाज शोषून घेतात, म्हणजे जाड स्वेटरवाला माणूस त्याला नीट दिसत नाही (आणि आपलं तर कामच कापडाचं आहे). आणि दोन अल्ट्रासॉनिक शेजारी लावले तर एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो, त्यामुळे त्यांना आळीपाळीनं चालवावं लागतं, दोन मोजण्यांत साधारण ६० मिलीसेकंद सोडून. लेझरवर चालणारे टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर (प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणारे), व्हीएल५३एल१एक्स वगैरे, या बाबतीत बरे. कपड्यांवर तेवढे रुसत नाहीत, ४ मीटरपर्यंत जातात, पण थेट ऊन आलं की त्यांची मजल कमी होते. अंधाऱ्या खोलीला उत्तम.

स्पर्शासाठी कपॅसिटिव्ह सेन्सर, उदाहरणार्थ एमपीआर१२१, त्यात १२ टोकं मिळतात आणि प्रत्येक टोकाला तार, तांब्याची पट्टी, वाहक धागा काहीही जोडता येतं. कॅमेराही चालतो. कॅनडाचे डेव्हिड रोकबी १९८० च्या दशकातच 'व्हेरी नर्व्हस सिस्टिम' या कामात कॅमेऱ्यासमोरच्या शरीराच्या हालचालीतून आवाज काढत होते, तेव्हा कॅमेरा म्हणजे काही फार आधुनिक प्रकरण आहे असं समजू नका. पण अंधाऱ्या खोलीत साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि लावलाच तर चित्र साठवू नका आणि दारावर तसं लिहा.

आपल्या कापडासाठी मी छतावर, खाली तोंड करून, दोन टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर लावेन, एक कापडाजवळ, एक दाराकडे. छत ३ मीटरवर असेल तर रिकाम्या खोलीत आकडा ३०० सेंटिमीटरच्या आसपास, माणूस खाली आला की १२० ते १५० पर्यंत पडतो, मूल असेल किंवा कुणी व्हीलचेअरवर असेल तर २०० च्या जवळपास. फरक मोठा आहे, चुकायला जागा कमी. समोरून मोजण्यापेक्षा वरून मोजणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं असतं. मात्र या सेन्सरची नजर शंकूसारखी खाली रुंद होत जाते, तेव्हा कापडापासून पाऊण मीटर तरी बाजूला लावा, नाहीतर त्याला दिवसभर कापडच दिसत राहील.

सेन्सर यायच्या आधीच आवाज करून बघा

ही पायरी सगळे गाळतात. सेन्सरच्या जागी स्क्रीनवर एक स्लायडर घ्या, ० ते १. त्या स्लायडरवर अख्खं काम चालवून बघा. मित्राला खोलीत चालायला लावा आणि तुम्ही त्याच्याकडे बघत स्लायडर हलवा, म्हणजे सेन्सर तुम्हीच. अर्ध्या तासात कळतं की कागदावरचे १५ सेकंद प्रत्यक्षात लांबलचक वाटतात का, आणि हे वायरी जोडण्याआधी कळलेलं बरं.

सॉफ्टवेअर कुठलं? फुकट पाहिजे तर प्युअर डेटा, मिलर पकेट यांनी १९९६ च्या सुमारास काढलेलं, डबे आणि रेघा जोडून चालतं आणि छोट्या कॉम्प्युटरवरही पळतं. मॅक्स हा त्याचा पैसेवाला भाऊ. कोड लिहायची आवड असेल तर सुपरकोलायडर. एबलटन (संगीत रचायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर त्यातल्या मॅक्स फॉर लाइव्हनं सेन्सर जोडता येतो. जे येतं ते वापरा, यावर वाद घालत बसू नका.

जोडणी साधारण अशी: सेन्सर आर्डुइनो किंवा ईएसपी३२ ला (हे सेन्सर वाचणारे छोटे बोर्ड), तिथून यूएसबीवरून आकडे कॉम्प्युटरला, आणि मग एक छोटी पायथन स्क्रिप्ट ते आकडे ओएससी मेसेज (प्रोग्राम एकमेकांना आकडे पाठवतात तो प्रकार) करून साउंडच्या सॉफ्टवेअरला देते. प्युअर डेटात ते नेटरिसीव्ह आणि ऑस्कपार्सनं उघडता येतात. मिडीनंही (वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडायची जुनी पद्धत) होतं पण साध्या मिडी कंट्रोलमध्ये ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात, फिल्टर (आवाजाच्या वरच्या पट्ट्या अडवणारी चाळणी) हळू सरकवताना त्या पायऱ्या कानाला ऐकू येतात. एक बारीक गोष्ट जिच्यात नवीन माणसाची संध्याकाळ जाते: आर्डुइनोचा सिरीयल मॉनिटर (येणारे आकडे दाखवणारी खिडकी) उघडा असेल तर दुसऱ्या प्रोग्रामला तो पोर्ट मिळत नाही. आधी मॉनिटर बंद करा.

आकडे धुवून घ्या

सेन्सरचा कच्चा आकडा थेट आवाजाला कधीही जोडू नका. खरा प्रवाह कसा दिसतो बघा: १८२, १८१, १८३, ४००, १८२, ०, १७९. माणूस जागेवरच आहे, पण मधे एक ४०० आणि एक ० घुसलाय. हे थेट आवाजाच्या लेव्हलला जोडलं तर फटकन आवाज जातो आणि येतो.

पहिला उपाय मीडियन. शेवटचे पाच आकडे घ्या, चढत्या क्रमानं लावा, मधला उचला. १८२, १८१, १८३, ४००, १८२ यातला मधला १८२ येतो, ४०० गायब. सरासरी घेतली असती तर साधारण २२६ आला असता, म्हणून आधी मीडियन, मग स्मूदिंग, म्हणजे आकड्यांच्या उड्या गुळगुळीत करणं. स्मूदिंगसाठी एकच ओळ लागते:

नवीन = जुनं + ०.१ × (आलेलं − जुनं)

तो ०.१ म्हणजे तुमच्या कामाचा स्वभाव आहे. सेकंदाला २० आकडे येत असतील तर ०.१ नं बदलाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला सेकंदाच्या थोडं वर लागतं. आता खरी गंमत: चढताना (म्हणजे काम जागं होताना) आणि उतरताना वेगळा आकडा वापरा. चढताना ०.३ ठेवला तर तेच अंतर सेकंदाच्या एक तृतीयांशात कापलं जातं, उतरताना ०.०३ ठेवला तर जवळजवळ चार सेकंद लागतात. म्हणजे काम लगेच जागं होतं आणि सावकाश झोपतं. दोन आकडे बदलले आणि यंत्रासारखं वाटणारं काम जिवंत वाटायला लागलं, इतका फरक पडतो, आणि तुम्हाला आणखी संथ पाहिजे तर ०.०१ करून बघा.

'आला' आणि 'गेला' ठरवण्यासाठी दोन वेगळ्या मर्यादा पाहिजेत. वरून मोजताना आकडा २२० च्या खाली गेला तर 'आला', पण 'गेला' म्हणायचं तर २५० च्या वर जायला पाहिजे, आणि तेही सलग दोन-तीन सेकंद. एकच मर्यादा ठेवली तर सीमेवर उभा असलेला माणूस सेकंदाला दहा वेळा येतो आणि जातो, आणि आवाज तसाच फडफडतो.

आकड्याचा आवाज करताना

पहिला मोह, अंतरानुसार सूर वरखाली करायचा. कृपया नको. जवळ आलं की सूर चढतो, लांब गेलं की उतरतो, हे दहा सेकंद मजेशीर असतं आणि मग शिट्टीसारखं डोक्यात जातं. त्यापेक्षा आवाजाचा पोत बदला: फिल्टर उघडा, थर वाढवा, आवाजाच्या बारीक तुकड्यांची दाटी वाढवा, रिव्हर्ब (खोलीत घुमणारी गुंज) कमी करून आवाज जवळ आणा. शेवटचा तर माझा आवडता, लांब असताना भिजलेला, गुहेतला आवाज आणि जवळ आलं की कोरडा, कानाशी बोलल्यासारखा.

कानाचा हिशोब सरळ रेषेत चालत नाही, हे मॅपिंग, म्हणजे सेन्सरचा आकडा आवाजाला जोडणं, करताना धरून चला. फिल्टर २०० हर्ट्झपासून ६००० पर्यंत न्यायचाय आणि माणूस बरोबर अर्ध्या अंतरावर आहे. सरळ गणितानं ३१०० येतात, पण कानाला तिथे फिल्टर जवळजवळ पूर्ण उघडलेला वाटतो, म्हणजे पुढच्या अर्ध्या वाटेत काही घडतच नाही. ० ते १ मधल्या आकड्याला क्ष म्हणा आणि २०० × ३० चा क्ष घात करा, मग अर्ध्यावर साधारण १०९५ हर्ट्झ येतात आणि बदल पूर्ण वाटेवर सारखा पसरतो. आवाजाची पातळीही तशीच, ० ते १ नं गुणू नका, डेसिबलमध्ये विचार करा, समजा −४० पासून −६ पर्यंत.

सेन्सरचे आकडे सेकंदाला १५-२० येतात आणि ऑडिओचे नमुने सेकंदाला ४४१००, त्यामुळे मधल्या उड्यांचा खरखराट ऐकू येतो. प्युअर डेटात लाइन~ या डब्यानं ५०-६० मिलीसेकंदांचा उतार द्या, मिटतो.

उशीर किती चालतो? हातानं मारायची, छेडायची वस्तू असेल तर १०-२० मिलीसेकंदांच्या वर गेलं की बोटांना कळायला लागतं. ऑडिओ बफर (वाजण्याआधी आवाज साठवायची जागा) १०२४ नमुन्यांचा असेल तर तोच २३ मिलीसेकंद खातो, २५६ चा ठेवला तर ६ च्या आत. हवेतसुद्धा आवाज मीटरला ३ मिलीसेकंद घेतो. पण जवळ येण्याच्या, थांबण्याच्या कामात एवढी घाई नसते, तिथे बफर मोठाच ठेवा म्हणजे आवाज तुटत नाही.

आवाज गोळा करताना

छोट्या आवाजांचे प्रत्येकी सहा-आठ तरी वेगळे टेक घ्या आणि लागोपाठ एकच टेक वाजू देऊ नका. तोच टिंग तिसऱ्यांदा ऐकला की माणसाला फाइल ऐकू येते, कापड ऐकू येत नाही.

लांब लूपसाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती अजून कुठेही चालते. तीन थर घ्या, १७, २३ आणि २९ सेकंदांचे, आणि तिन्ही आपापल्या गतीनं फिरू द्या. तिघं पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला ११३३९ सेकंद लागतात, म्हणजे तीन तास नऊ मिनिटांना एक सेकंद कमी. तीन छोट्या फाइल्समध्ये तीन तासांच्या वर. लूप वेव्ह फाइलमध्येच ठेवा, एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी बारीक शांतता चिकटते आणि जोड ऐकू येतो.

आणि गर्दीचा विचार करा. तुम्ही एकट्यानं टेस्ट केलं, उद्घाटनाला खोलीत दहा जण उभे. सारख्या पातळीचे दहा वेगळे आवाज एकत्र आले की एकूण पातळी साधारण १० डेसिबलनं चढते. म्हणून एका वेळी किती आवाज वाजतील त्याला मर्यादा घाला, शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा) लावा, आणि माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा थोडा कमी होईल असं करा.

खोली आणि स्पीकर

खोलीत पोचल्यावर मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीची शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, लांब असेल, काँक्रीट, काच, उघडी फरशी असेल, तर टिंग-टांग बारीक तपशील सगळे एकमेकांत चिखल होतात, तिथे लांब संथ आवाज वापरा आणि वेगळा रिव्हर्ब जवळजवळ काढून टाका.

स्पीकर वस्तूच्या जवळ, शक्यतो मागे किंवा आत. पातळ कापडातून आवाज आरपार येतो, त्यामुळे आपल्या उदाहरणात एक चांगला स्पीकर कापडामागे कानाच्या उंचीवर पुरतो. लाकूड, काच, पत्रा असेल तर एक्सायटर (पृष्ठभाग थरथरवणारं छोटं यंत्र) चिकटवा, म्हणजे तो पृष्ठभागच स्पीकर होतो, बेस फारसा मिळत नाही पण आवाज त्या वस्तूचाच वाटतो. हात ठेवला की थरथर लागते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही काहीतरी मिळतं.

सेन्सर आणि स्पीकरचं आपसातलं भांडण बघून घ्या. लाकडी फळीला पिझो (थरथर पकडणारी चकती) चिकटवलाय आणि त्याच फळीवर स्पीकर ठेवलाय, तर स्पीकरचा बेस पिझोला माणसासारखा वाटतो आणि काम स्वतःच स्वतःला वाजवत बसतं. स्पीकरखाली फोम किंवा रबर टाका, नाहीतर तो वेगळ्या स्टँडवर न्या.

लेव्हल ठरवताना तिथे दिवसभर बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खुर्चीत बसून ऐका. दर्शक तीन मिनिटं ऐकतो, ती व्यक्ती आठ तास. त्या खुर्चीतून जो आवाज टोचतो तो काढा, बहुतेक वेळा तो वरच्या पट्टीतला एखादा चमकदार टिंग असतो. शेजारच्या कामात किती गळतोय तेही त्याच फेरीत ऐकून या.

जागेवर

घरी ठरवलेले मर्यादेचे आकडे जागेवर चालत नाहीत, छताची उंची वेगळी, फरशी चकचकीत, कुठेतरी पंखा. रोज चालू झाल्यावर पहिली ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आकडा मोजून तो पाया धरायचा असं प्रोग्राममध्येच घाला, आणि त्या वेळात कुणी आत नको हे कर्मचाऱ्याला सांगा. बाकी सगळे आकडे एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कोडमध्ये विखुरलेले नकोत, रात्री दहाला शिडीवर उभं राहून कोड शोधणं काही खरं नाही.

वायरींचं थोडक्यात: साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या वर नको, सेन्सरपासून बोर्डापर्यंतची आय-टू-सी वायर तर शक्य तेवढी आखूड, म्हणून बोर्ड सेन्सरजवळ छतावर ठेवा. वायफाय टाळता आलं तर टाळा, उद्घाटनाच्या दिवशी खोलीत पन्नास फोन असतात. स्पीकरला बॅलन्स्ड केबल, म्हणजे वाटेतली खरखर कमी पकडणारी. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर हम्म सुरू झालं तर बहुतेक ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी गुणगुण) आहे, आयसोलेटर लावून बघा.

कॉम्प्युटरचे नोटिफिकेशन, अपडेट, स्लीप आणि सिस्टिमचे टिंग सगळे बंद. मग परीक्षा घ्या: चालू असताना मेन स्विच बंद करा, दहा सेकंदांनी चालू करा आणि हात न लावता बघा. काम आपोआप उठून वाजायला लागलं पाहिजे. रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर) वापरत असाल तर असं अचानक बंद केल्यानं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून आधी ते रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही असं) करून घ्या आणि एक तयार कार्ड जास्तीचं ठेवा. सेन्सर मेला, आकडे यायचे थांबले, तर दहा सेकंद वाट बघून प्रोग्रामनं स्वतःच रिकाम्या खोलीच्या अवस्थेत जावं, शेवटच्या आकड्यावर अडकून भोंगा वाजवत राहू नये.

मग अनोळखी माणसं आत सोडा आणि कोपऱ्यात गप्प उभे राहा. काहीही समजावून सांगू नका. कुठे थांबतात, कुठे हात पुढे करतात, किती वेळात दाराकडे वळतात ते लिहून घ्या. लहान मुलं धावत येतात आणि पहिल्यांदा कापड ओढतात, तेव्हा टांगणीसुद्धा त्या हिशोबानं. सेन्सरच्या आकड्यांची वेळेसकट नोंद फाइलमध्ये जात असेल तर आठवड्यानं कळतं की लोक सरासरी किती वेळ थांबले, आणि बहुतेकांनी मिनिट पुरं व्हायच्या आत पाय काढला असेल तर तुमचे मागचे थर कुणी ऐकलेलेच नाहीत, त्यांना पुढे ओढा.

जाताना कर्मचाऱ्याकडे एक पान द्या: चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, आवाजाची कळ कुठे, फोटोसकट. कळीवर चिकटपट्टीनं खूण करा, कारण ती कुणीतरी फिरवणारच. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नाव, आणि डब्यात एक जास्तीचा सेन्सर, आधीच वायर जोडलेला.